बुजगावण्याची तीन आठवड्यांची नोकरी

मी केरूच्या शेतातलं बुजगावणं बोलतोय. बोलायची मला सवय नाही. उभं राहायची आहे. पण गेल्या हिवाळ्यात माणसांनी मला बसवलं, तेही खुर्चीवर, पंख्यासमोर. त्यानंतर किन्हवलीच्या बाजारात माझ्याविषयी नाही नाही ते बोललं गेलं. म्हणून खरं काय ते मीच सांगतो.

किन्हवलीपासून पायी तासाभरावर आमचं गाव. तिथल्या भातखाचरात केरूने मला उभं केलं. दोन बांबू आडवे-उभे बांधले, मध्ये पेंढा भरला, वर मडकं पालथं घातलं, चुन्याने डोळे काढले. सदरा स्वतःचा दिला. फाटका नव्हता. केरूचं म्हणणं, राखणदाराला फाटकं घालू नये. पाखरूसुद्धा कपडा बघून भितं.

केरू चौथी शिकला आहे. पण राखणीचं शास्त्र त्याच्याइतकं कोणाला येत नाही. चिमणी हुशार असते. पहिल्या दिवशी ती मला बघून पळते. दुसऱ्या दिवशी बांधावरून निरखते. तिसऱ्या दिवशी माझ्या खांद्यावर बसून दाणे टिपते. म्हणून केरू दर तिसऱ्या दिवशी माझी जागा बदलतो, सदरा बदलतो. आणि आठ दिवसांतून एकदा मला आडवा निजवून माझ्या जागी, माझाच सदरा घालून, तो स्वतः उभा राहतो. चिमण्या निर्धास्त उतरल्या की गोफण फिरवतो. मग पुढचे आठ दिवस त्यांना नक्की सांगता येत नाही की हा पेंढा आहे की केरू. केरू म्हणतो, अधूनमधून खरा माणूस उभा केला नाही, तर बुजगावणं माजतं.

कापणी झाली की माझं काम संपतं. केरू मला खांद्यावर टाकून घरी आणतो आणि पडवीत नांगराशेजारी उभं करतो. या वेळी तिथे एक टेबल होतं. टेबलावर लॅपटॉप होता आणि समोर केरूची नात संघरत्ना बसली होती.

संघरत्ना बी.कॉम. झालेली. कंपनीचं ऑफिस मुंबईकडे, पण काम घरून. लोक दवाखान्याच्या बिलांसाठी विम्याचे अर्ज करतात. अर्जात जो कागद कमी असेल तो फोन करून मागवायचा, अर्ज पुरा करायचा, पुढे पाठवायचा. सहा महिने नोकरी कच्ची. डिसेंबरअखेर पक्की व्हायची होती. पक्की झाली की घरच्यांनाही कंपनीचा विमा मिळणार होता. संघरत्नाच्या आईला, गोजाबाईला, पित्ताशयात खडे होते. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं. घरातले सगळे डिसेंबर संपायची वाट बघत होते. गोजाबाई पोटाशी उशी धरून बघत होती.

लॅपटॉप संघरत्नाचा स्वतःचा. बाप भिवंडीकडच्या गोदामात पाळ्या करतो, त्याने घेऊन दिलेला. कंपनी म्हणाली, लॅपटॉप तुमचाच वापरा, फक्त आमचं एक छोटं सॉफ्टवेअर त्यात टाका. तिने टाकलं. मग कळलं की ते दर दहा मिनिटांनी समोरच्या माणसाचा फोटो काढतं, पडद्याचाही काढतं, आणि बटणं किती दाबली तेही बघतं. खुर्चीत तोंड दिसलं तर हिरवा ठिपका. नाही दिसलं तर लाल.

केरू एकदा तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिने त्याला हे समजावलं.

"म्हंजे राखणदार बसवलाय," केरू म्हणाला.

"हां."

"पीक कुठाय?"

"पीक मीच, आजा."

"आन पाखरू?"

"पाखरू पण मीच."

केरूने जरा विचार केला. "धनी येडा आहे," म्हणाला, आणि गुरांना पाणी दाखवायला गेला.

एका रविवारी संघरत्नाने आईचा सोनोग्राफीचा कागद लॅपटॉपवर उघडून बघितला. रविवारी तिला सुट्टी होती. सॉफ्टवेअरला सुट्टी असते असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सोमवारी तिचे साहेब, कमळाकर सर, मीटिंगमध्ये गोड आवाजात म्हणाले, "संघरत्ना, घरी कोणाचं ऑपरेशन आहे का? जानेवारीत सुट्ट्या लागणार असतील तर आधी कळवा. पक्कं करताना ते बघावं लागतं."

तिने हे कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून गोजाबाई लॅपटॉपसमोरून जाताना डोक्यावर पदर घ्यायची. "पोटातले खडे बघून झाले त्यांचे, आता डोकं झाकून काय व्हायचंय," असं म्हणायची आणि तरी झाकायची.

खरी अडचण वेगळीच होती. पडवीत तारेचं इंटरनेट आहे, त्यावर लॅपटॉप चालतो. पण घरात फोनला रेंज नाही. रेंज मिळते घरामागे, आमच्या खाचराच्या वरच्या बांधावर. लोकांना फोन करायचा म्हणजे संघरत्ना वही घेऊन बांधावर जायची. तिचा आवाज पडवीत ऐकू यायचा. "डिस्चार्जचा कागद, मावशी. निळ्या शिक्क्याचा. नाय, तो गोळ्यांचा. दुसरा बघा." मावशी कागद शोधायची, अर्ज मार्गी लागायचा. तिकडे बांधावर काम व्हायचं आणि इकडे पडवीत लाल ठिपके पडायचे.

कमळाकर सरांनी दोन ताकिदी दिल्या.

"तुमचं काम चांगलं आहे. पण तुम्ही दिसत नाही."

"सर, कामालाच जाते. फोनला रेंज बांधावर आहे."

"ते मला कळतं. सिस्टिमला कळत नाही. तिसरी ताकीद झाली की पक्कं व्हायचं विसरा. माझ्या हातात काही नाही."

दुसऱ्या दिवशी संघरत्ना खुर्चीतून हलली नाही. एकही फोन केला नाही. एकही अर्ज पुढे गेला नाही. पडद्याकडे बघून बटणं दाबत राहिली. संध्याकाळी कमळाकर सरांचा निरोप आला, "उत्तम. असंच चालू ठेवा."

केरू गुरं बांधून आला. "आज बांधावर नाय गेलीस?"

"आज नुसतं बसायचं काम होतं, आजा."

"नुसतं बसायचं?" केरूने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "त्याला माणूस आहे आपल्याकडं."

मला राग आला. ऊन-पावसात उभा राहणारा मी, मला खुर्चीत बसवणार. पण धन्याच्या शब्दापुढे बुजगावणं बोलत नसतं.

केरूने माझे बांबू कापून मला बसतं केलं. लॅपटॉपने मडक्याकडे बघितलं आणि लाल ठिपका दिला. चुन्याचे डोळे त्याला पटले नाहीत. तेव्हा गोजाबाईला फ्लेक्स आठवला.

संघरत्ना पास झाली तेव्हा गावातल्या पोरांनी फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता. त्यावर तिचा हसरा चेहरा खऱ्या माणसाएवढा होता. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग होती, आणि ती तिच्या शिक्षणापेक्षा लांब होती. उतरवल्यावर तो फ्लेक्स आमच्या पेंढ्याच्या उडव्यावर झाकायला आला. गोजाबाईने कात्री घेतली.

"लेकीचं तोंड कापते मी," ती म्हणाली. कापलं मात्र बेतशीर.

तो चेहरा मडक्याला चिकटवला. अंगात संघरत्नाचा पंजाबी ड्रेस घातला. केरूच्या सदऱ्यानंतर हे घालणं मला कमीपणाचं वाटलं. माझ्या उजव्या बाहीला माऊस बांधला आणि समोर टेबलपंखा लावला. शेतात वाऱ्याने हात हलतो, इथे पंख्याने हलला. हिरवा ठिपका आला. संघरत्ना वही घेऊन बांधावर पळाली.

तिसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. मी म्हटलं, चिमणीइतकी तरी अक्कल आहे यांना, ओळखलं. संघरत्नाने पत्र मोठ्याने वाचलं. "आपल्या खांद्यामागे काळा गॉगल घातलेला एक इसम सतत उभा असल्याचे आढळले आहे. कंपनीची माहिती गोपनीय आहे. कृपया त्यास दूर करावे."

तो फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांतला, आमच्याच गावचा सूरज होता. कापताना त्याचं तोंड माझ्या खांद्याजवळ राहून गेलं होतं. गोजाबाईने त्याला वेगळा कापला आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला लावला. माझ्याविषयी पत्रात एक शब्द नव्हता. सूरज त्यांना परका वाटला. मी घरचा होतो.

केरू शास्त्राप्रमाणे दर तिसऱ्या दिवशी माझी ओढणी बदलायचा, खुर्ची वीतभर सरकवायचा. हे कष्ट वाया होते. एकदा कोंबडी टेबलावर चढली आणि माझ्या बाहीतून गळलेले दाणे बटणांवरून टिपू लागली. बराच वेळ टिपत होती. संध्याकाळी निरोप आला, "आज आपला कामाचा वेग विशेष होता. अभिनंदन."

"कोंबडीला पण ठेवून घ्या म्हणावं," गोजाबाई म्हणाली. "अंडी तरी देते."

मी हसणारा नाही. पण सांगतो, त्या तीन आठवड्यांत संघरत्नाने जितके अर्ज पुरे केले तितके आधीच्या पाच महिन्यांत झाले नव्हते. मी बसलो म्हणून ती काम करू शकली. इथवर मला माझ्या नोकरीचा अभिमान होता.

रोज पाच वाजता लॅपटॉपवर मीटिंग असायची. तेवढ्यापुरती संघरत्ना येऊन खुर्चीत बसायची आणि मला दाराआड सरकवायची. एका संध्याकाळी कमळाकर सर धसईच्या रविनाला बोलत होते. रविना मुरबाड तालुक्यातली, तीही घरून हेच काम करायची.

"रविना, रोज तुमचे सहा-सात लाल ठिपके. कारण काय?"

"सर, बाळ अंगावर पितं. पाजायला उठते. कॅमेऱ्यासमोर कशी पाजू?"

"मी समजू शकतो. पण संघरत्नाकडे बघा. तीही गावातच राहते. तीन आठवडे झाले, पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. चेहऱ्यावर सतत हसू. वरच्यांना फार आवडलंय. एक तारखेपासून तिचं माप सगळ्यांना लावायचं ठरलंय."

रविना म्हणाली, "संघरत्ना ताई, तुमी जेवता कधी?"

त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी दाराआड होतो. माझ्यामुळे पाखरांची पिल्लं उपाशी राहिली असतील. ते माझं काम आहे, त्याची मला लाज नाही. पण माणसाचं पिल्लू उपाशी ठेवायला मला कोणी बांधलं नव्हतं.

मीटिंग संपली. संघरत्ना ओट्यावर जाऊन बसली. पक्कं व्हायचा कागद यायला आठवडा उरला होता. केरू तिथेच सुंभ वळत होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

"चूक माझी," केरू म्हणाला. "सदरा बदलला, जागा बदलली. तिसरी गोष्ट राहिली. आठ दिवसांतनं एकदा खरा माणूस उभा करायचा असतो. तीन आठवडे झाले. बुजगावणं माजलं."

"खरं सांगितलं तर नोकरी जाईल, आजा. मग आईचं ऑपरेशन कसं करायचं?"

गोजाबाई चुलीपाशी होती. तिथूनच बोलली. "माझे खडे पाच वर्षं आहेत. जातायत कुठं? त्या पोरीचं बाळ आज भुकेलंय." मग सासऱ्याला म्हणाली, "मामा, तुमी पण काय सांगत बसलाय गोफणीचं. पोरीला चहा तरी घेऊ द्या."

चोवीस डिसेंबरच्या मीटिंगमध्ये संघरत्नाचा सत्कार होता. पडद्यावर चौकोन चौकोन करून सगळे जमले होते. पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र टपालाने निघालं आहे असं कमळाकर सरांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. "संघरत्ना, दोन शब्द बोला."

तिने मला दाराआडून ओढलं आणि खुर्चीत बसवलं. स्वतः बाजूला उभी राहिली. पडद्यावर एकाच तोंडाच्या दोघी दिसल्या. एक हसत होती, एक नव्हती.

"सर, सत्कार ह्याचा करा. हे आमच्या शेतातलं बुजगावणं. तीन आठवडे खुर्चीत हे होतं. मी बांधावर फोन करत होते. अर्ज किती पुरे झाले ते तुमच्याच कॉम्प्युटरात आहे, कोणी बघितलं नाय. आणि रविनाला माझं माप लावू नका. हे माप पेंढ्याचं आहे."

एका चौकोनातून हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. कमळाकर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"संघरत्ना," ते म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर दुसरी व्यक्ती बसवणं नियमात बसत नाही."

मागून केरूचा आवाज आला. "व्यक्ती नाय ती. पेंढा आहे."

तेवढ्यात रविनाच्या चौकोनात बाळ रडल्याचा आवाज आला. ती सगळ्यांसमोर उठली आणि आत गेली. तिच्या चौकोनात नुसती रिकामी खुर्ची राहिली. तिला परत बोलवायची कोणाची छाती झाली नाही.

पुढच्या आठवड्यात पोस्टमनने दोन लिफाफे आणले. एका लिफाफ्यात चकचकीत प्लास्टिकमधलं प्रमाणपत्र होतं. तीन ते चोवीस डिसेंबर या काळात कर्मचारी एक क्षणही जागेवरून हलली नाही, म्हणून गौरव. दुसऱ्यात पत्र होतं. तीन ते चोवीस डिसेंबर या काळात कर्मचारी जागेवर नव्हती, म्हणून नोकरी बंद. दोन्हींवर एकाच साहेबाची सही होती.

केरूने दोन्ही कागद दोनदा वाचून घेतले. "हजर पण तेच दिवस, गैरहजर पण तेच दिवस," तो म्हणाला. "सही करणारा कोण आहे ते बघा. तो पण पेंढ्याचा असंल."

संघरत्ना तेव्हा हसली नाही. तिसऱ्या दिवशी तिने लॅपटॉपमधून ते सॉफ्टवेअर काढून टाकलं, कॅमेऱ्याच्या डोळ्यावर फ्लेक्सचा तुकडा चिकटवला आणि आईचे कागद काढून बसली. कुठला कागद कशाला लागतो हे कंपनीनेच तिला शिकवलं होतं. सरकारी योजनेचा अर्ज तिने स्वतः भरला. शहापूरला चार खेपा झाल्या, ठाण्याला दोन. फेब्रुवारीत गोजाबाईचं ऑपरेशन झालं. खडे डॉक्टरने डबीत घालून दिले. ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, आता पदर न घेता.

संघरत्ना शहापूरला एका वकिलाच्या ऑफिसात टेबल घेऊन बसते. लोकांचे दवाखान्याचे अर्ज भरून देते. बांधावरून जिला फोन केला होता ती निळ्या शिक्क्याची मावशी पहिल्याच दिवशी शेजारीण घेऊन आली. रोजचा एसटीचा प्रवास आहे, मिळकत आधीपेक्षा कमी आहे. पण टेबलासमोर जो बसतो त्याचं तोंड तिला दिसतं आणि तिचं त्याला.

रविना अजून कंपनीत आहे. ते माप मात्र कोणाला लागलं नाही. लावायचं तर ते कोणाचं माप हे कागदावर लिहावं लागलं असतं, आणि ते पेंढ्याचं होतं हे लिहून द्यायला वरचं कोणी तयार नव्हतं.

मला केरूने परत लांब बांबू घातले आणि वालाच्या वाफ्यात उभं केलं. एका रविवारी दुपारी संघरत्ना बांधावर असताना कमळाकर सरांचा फोन आला. मी दहा पावलांवर होतो. तिने फोन मोठ्या आवाजावर लावला, केरूला ऐकू यावं म्हणून.

"तुमच्या कामात नाव ठेवायला जागा नव्हती, हे मी वर लिहिलं होतं," सर म्हणाले. "कोणी वाचलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्याही लॅपटॉपवर ते आहे, संघरत्ना. मलाही वरून बघतात. गेल्या आठवड्यात मला पाच लाल ठिपके पडले. तुमचे आजोबा अजून एक करून देतील का? माझ्या मापाचं. मला टक्कल आहे, मडकं तसंच चालेल."

संघरत्नाने केरूकडे बघितलं. केरू खुरप्याची माती झटकत होता.

"सांग त्याला," तो म्हणाला, "पिकावर लावायचं असंल तर येऊन घेऊन जा. खुर्चीवर लावायला मी देत नाय. एकदा चुकलो." खुरपं कमरेला खोवून पुढे म्हणाला, "आन आलाच तर पिशवी आण म्हणावं. वाल चांगला आलाय."

सर काही आले नाहीत. सुट्टी मिळाली नसेल.

माझं आता बरं चाललं आहे. अंगात केरूचा सदरा आहे. गळ्यात ते प्रमाणपत्र आहे. फेकायला निघाले होते, केरूने भोक पाडून माझ्या गळ्यात बांधलं. उन्हात चकाकतं आणि वाऱ्यात फडफडतं. पहिल्या दिवशी पोपट लांबूनच वळले. केरू म्हणाला, "कागद कामाला आला."

सांगायचं ते सांगून झालं. मला पिकावर उभं करा, मी जन्मभर उभा राहीन. माणसांवर मला बसवू नका. आणि बसवायचंच ठरवलं असेल, तर आधी एखाद्या चिमणीला नोकरीवर ठेवा. तिला कळतं.

आज प्रमाणपत्र बांधल्याचा तिसरा दिवस. एक चिमणी आत्ताच येऊन त्यावर बसली आहे. सहीवर चोच मारून बघते आहे. केरू येईल आणि माझी जागा बदलेल.